वसईहून दीवला: एका सुलतानाच्या तहांतले दोन किल्ले

शाळेत असल्यापासून एक वाक्य पाठ आहे: गुजरातचा सुलतान बहादूरशाहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली. मागून हुमायूनची फौज येत होती, म्हणून समुद्रावरच्या या परक्यांशी त्याने तह केला. मुंबईची बेटंही त्याच तहात गेली. पुढच्याच वर्षी त्याने पोर्तुगीजांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे दीव बेटावर किल्ला बांधायची परवानगी. वसई २०५ वर्षांनी चिमाजी अप्पांनी घेतली. दीव मात्र थेट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. वसईत जन्म गेल्यामुळे मला ते दुसरं भावंड एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. बाबांचं कारण वेगळं होतं, ते तिसऱ्या दिवसात येईलच.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि बाबा (वय ७३, गुडघे बरे, उत्साह जास्त). संक्रांतीनंतरचा शुक्रवार ते सोमवार असा बेत होता.

दिवस पहिला, शुक्रवार

रात्रभराच्या रेल्वेने वेरावळ, तिथून ठरवलेल्या गाडीने दीव. वाटेत शेंगदाण्याची रिकामी शेतं, नारळाच्या बागा आणि विजेच्या तारांवर अडकलेले पतंग. उना सोडल्यावर हवेत खारा वास येऊ लागतो. दीव म्हणजे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला चिकटलेलं लांबट बेट. मधली खाडी इतकी अरुंद आहे की पूल ओलांडताना आपण बेटावर चाललोय हे सांगावं लागतं.

बेटावर पहिली नजर जाते ती ताडांवर. आपला ताड सरळसोट वर जातो. इथल्या ताडाला मात्र फांद्या फुटतात: एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि प्रत्येकीच्या टोकाला पंख्यासारख्या पानांचा झुबका. आपल्याकडे याला रावणताड म्हणतात, इथे होका. पोर्तुगीजांनी ही झाडं आफ्रिकेतून आणली असं जो तो सांगतो, पण वनस्पतिशास्त्रज्ञ या जातीला पश्चिम भारतातलीच मानतात. उत्तरायणाचे पतंग या फांद्यांच्या बेचक्यांत अजून अडकलेले होते. एका झाडावर मी अकरा मोजले. खाली दोन पोरं होक्याची तपकिरी, दगडासारखी कडक फळं दाताने सोलत बसली होती. बाबांनी एक मागून घेतलं. वरचा गर धाग्याधाग्यांचा, चव जुन्या गुळासारखी. दोन घासांत बाबांनी हार मानली.

दुपारी थेट किल्ल्यात गेलो. बेटाच्या पूर्व टोकावर तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूने खडकात खोदलेला खंदक. भरतीचं पाणी त्यात शिरतं. बाहेरची भिंत, खंदक, मग आतली भिंत. पुलावर उभं राहून खाली पाहिलं की खडक किती खोलवर कापलाय ते कळतं. ते पाहूनच मी गप्प झाले. वसईच्या किल्ल्यात लहानपणापासून इतकी फिरले, पण तटाला तट जोडलेला, बुरुजावर तोफ, तोफेशेजारी गोळ्यांचा ढीग असं सगळं जागच्या जागी आमच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. आमचा किल्ला लढून घेतलेला आहे. सुरुंगांनी फुटलेले बुरुज, मग पडझड, मग वडापिंपळाची मुळं. त्याचा मला अभिमान आहे आणि राहील. तरी इथे उभं राहून पहिल्यांदा कळलं की आमचं ते अंगण, तो दरवाजा मुळात कसा दिसत असेल.

इथल्या पाण्याने पाहिलेलं काही कमी नाही. १५०९ च्या फेब्रुवारीत याच बेटासमोर मोठी आरमारी लढाई झाली. एका बाजूला इजिप्तच्या मामलुकांचं आरमार, जोडीला गुजरातची आणि कालिकतची गलबतं. दुसऱ्या बाजूला व्हाइसरॉय अल्मेदाचे पोर्तुगीज. पोर्तुगीज जिंकले आणि अरबी समुद्राच्या व्यापाराची किल्ली त्यांच्या हाती जायला सुरुवात झाली. १५३५ मध्ये किल्ला उभा राहिला. १५३७ मध्ये बहादूरशाह पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याला भेटायला त्याच्या जहाजावर गेला आणि परतताना चकमकीत याच पाण्यात मेला. १५३८ मध्ये सुवेझहून आलेलं तुर्कांचं आरमार वेढा घालून बसलं, १५४६ मध्ये गुजरातच्या फौजेने पुन्हा वेढा घातला. त्या दुसऱ्या वेढ्यात सुरुंगाने एक बुरुज उडाला आणि गोव्याच्या गव्हर्नरचा, झुआंव द कास्त्रोचा, मुलगा त्यात ठार झाला. वेढा उठल्यावर किल्ला नव्याने बांधायला पैसे हवे होते. कास्त्रोने गोव्याच्या नागरिकांकडून कर्ज मागितलं आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस कापून पाठवले. मुलाची हाडं पाठवणार होता, पण प्रेत अजून पुरतं कुजलं नव्हतं, असं सांगतात. ही गोष्ट मी ज्या बुरुजावर वाचून दाखवली तिथे वारा इतका होता की बाबांना ऐकू येण्यासाठी ओरडावं लागत होतं, आणि दाढीची गोष्ट ओरडून सांगायची नाही असं वाटून मी मधेच थांबले.

समोर पाण्यात पाणीकोट आहे. दगडी जहाज नांगरून ठेवल्यासारखी ही छोटी गढी. जेट्टीवरून बोट तिला वळसा घालून आणते, आम्हाला उतरायला मिळालं नाही. सूर्य मावळताना गेलो, त्यामुळे किल्ल्याची अख्खी पूर्व बाजू सावलीत आणि पाणीकोट तांबूस. ही वेळ साधाच.

त्या दिवशी संकष्टी होती आणि बाबांचा उपास. चंद्र नऊच्या पुढे उगवला. जालंधर किनाऱ्याच्या कठड्यावर बसून आम्ही तिघांनी वाट पाहिली. जालंधर म्हणजे आपल्या तुळशीच्या लग्नातल्या गोष्टीतला, वृंदेचा नवरा. त्याचा वध इथे झाला आणि शेजारच्या चक्रतीर्थावर चक्र टेकलं अशी श्रद्धा आहे. चंद्राला नमस्कार करून बाबांनी बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो (भरीत), लसणाची चटणी आणि गूळ-तूप असं भरपेट जेवण केलं. मोदक नव्हते, ते गुळावर भागवले.

*जाणाऱ्यांसाठी:* किल्ला उन्हात फार तापतो आणि आत सावली नावापुरती, म्हणून सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. तळपाय जाड असलेली चप्पल घाला. तटाच्या काही जागी कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नका.

दिवस दुसरा, शनिवार

फुदम गावाजवळ गंगेश्वर आहे. समुद्राच्या काठच्या खडकात, गुहेसारख्या जागी पाच शिवलिंगं, लहानमोठी, पांडवांनी स्थापलेली म्हणतात. भरतीला लाटा त्यांच्यावरून जातात, ओहोटीला माणसं. आम्ही वसईकर, तेव्हा भरतीचं गणित आम्हाला तोंडपाठ: तिथीची पाऊणपट. पंचमी, म्हणजे पावणेचारला भरती, म्हणून पावणेदहाच्या सुमाराला ओहोटी. बाबांनी बोटांवर मोजलं आणि आम्ही साडेनऊला पोचलो. लाटा पायऱ्यांपर्यंत उडत होत्या. फुलं विकणाऱ्या बाईने बाबांचं गणित नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, ए तमारा दरियानो हिसाब. अहींनो जुदो." तुमच्या दर्याचा हिशोब, इथला वेगळा. संध्याकाळी या, असं तिने सांगितलं आणि फुलांची पुडी तेवढ्यापुरती बाजूला ठेवून घेतली.

मग नैडा गुहा. गुहा म्हणतात, पण ही खाण आहे. किल्ल्यासाठी दगड इथूनच काढला. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा हा दगड मिलिओलाइट चुनखडी, समुद्राच्या वाळूपासून आणि शिंपल्यांच्या बारीक चुऱ्यापासून बनलेला. बाहेरून राकट, पण छिन्नीला लोण्यासारखा. चौकोनी ठोकळे काढत माणसं आत आत गेली आणि मागे जिने, खोल्या, खांब उरले. वरून चौकोनी भोकांतून ऊन खाली पडतं आणि त्याच भोकांतून झाडांची मुळं दोरखंडासारखी लोंबतात. मी भिंतीवर हात फिरवला तर बोटाला वाळूचे कण लागले. छिन्नीच्या रेघा इतक्या जवळजवळ आणि तिरप्या होत्या की घाव घालणारा माणूस उजवा होता की डावा हेसुद्धा कळावं. किल्ल्याचा इतिहास गव्हर्नरांच्या नावांनी लिहिला जातो. हे हजारो घाव घालणाऱ्यांचं एकही नाव कुठे नाही, आणि मला दीवमध्ये या जागेने जितकं धरून ठेवलं तितकं किल्ल्यानेही नाही. इथे छान फोटो येतात म्हणून गर्दी असते. सकाळी दहा-साडेदहाला ऊन नेमकं भोकांतून उतरतं.

दुपारी जुन्या गावात पायी फिरलो. झांपा दरवाजा, नगरशेठची हवेली, आणि अरुंद गल्ल्यांत पिवळी, गुलाबी, निळी घरं. पुष्कळ घरांना कुलूप. एका ओट्यावर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. मी गुजरातीत बोलल्यावर त्यांनी आम्हाला बसवलं आणि पाणी दिलं. त्यांचे सासरे मोझांबिकला होते, मुलगा आता इंग्लंडात लेस्टरला. इथून पिढ्यान् पिढ्या माणसं पोर्तुगीजांच्या मोझांबिकला व्यापाराला, कामाला गेली. नंतर पोर्तुगीज पासपोर्टवर पोर्तुगाल आणि इंग्लंड. समोरच्या तीन घरांकडे बोट दाखवून त्या सांगत गेल्या: हे लेस्टर, हे लिस्बन, हे दिवाळीला उघडतं. मग विचारलं, "तुमच्या वसईतले पण पोर्तुगालला गेले का?" मी म्हटलं, आमच्याकडचे पोर्तुगीज १७३९ लाच गेले. आजी हसल्या आणि लसणाची एक गड्डी माझ्या हातात ठेवली.

अंधार पडताना पुन्हा गंगेश्वर. पाणी मागे सरलं होतं. पाच लिंगं ओली, प्रत्येकावर एकेक फूल, आणि खडकाच्या खळग्यांत उरलेल्या पाण्यात दिव्याची ज्योत. एक लाट येऊन सगळ्यात पुढच्या लिंगावरचं फूल घेऊन गेली. ती बाई आमची पुडी घेऊन वाटच पाहत होती.

*जाणाऱ्यांसाठी:* गंगेश्वरला जाण्याआधी भरतीची वेळ दीवमध्येच विचारा. बेटावर फिरायला भाड्याची स्कूटर सगळ्यांत सोयीची. ज्येष्ठ मंडळी असतील तर दिवसभरासाठी रिक्षा ठरवा, अंतरं लहान आहेत. आणि एक स्पष्टच सांगते: दीवमध्ये दारू मिळते, गुजरातमध्ये दारूबंदी आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी गर्दी उसळते आणि परतताना चेकनाक्यावर गाड्या तपासतात. कुटुंबासह जात असाल तर सोमवार ते गुरुवार निवडा. आम्हाला सुट्टीचं जमलं नाही.

दिवस तिसरा, रविवार

शेजारच्या मावशींनी निघताना बजावलं होतं, सेंट पॉलमध्ये माझ्या नावाची एक मेणबत्ती लाव. मावशी वसईतल्या ख्रिस्ती. आमची दोन्ही घरं नाताळ आणि गणपती वाटून घेतात. सकाळी गेलो तेव्हा मिस्सा संपत आली होती. पंधरा-वीस माणसं, बहुतेक वयस्कर. जेझुइटांचं हे चर्च १६१० मध्ये पुरं झालं. पांढरी भव्य दर्शनी भिंत, तिच्यावर शिंपल्यांची नक्षी, आणि आत वेदीमागे गडद लाकडाचं कोरीवकाम. मी मागच्या बाकावर बसून वर बघत राहिले. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांचंच चर्च आहे. त्याची दर्शनी भिंत उभी आहे, खांब उभे आहेत, आणि वर आकाश. पावसाळ्यात आत गुडघाभर गवत उगवतं. त्या चर्चची आतली बाजू कशी असेल हे मी कायम मनाने भरत आले. इथे ते कमानदार छत, तो गारवा, तो मेणाचा वास, सगळं होतं. जिना, खिडकी, वेदीची उंची एकेक जुळवत गेले. मेणबत्ती लावली, मावशींसाठी बरेच फोटो काढले.

सेंट थॉमस चर्च आता संग्रहालय आहे. जुन्या लाकडी मूर्ती, रंग उडालेले संतांचे चेहरे. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या इमारतीत बरीच वर्षं रुग्णालय. भरभर बघितलं, कारण बाबा घड्याळ बघत होते.

आता बाबांचं कारण. बाबा ४० वर्षं माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते. १९७० मध्ये अप्रेंटिस म्हणून लागले. पुढच्या वर्षी युद्ध झालं. ८ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुकरी ही आपली युद्धनौका मुंबईहून निघाली आणि ९ तारखेच्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानी पाणबुडी हंगोरच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं जीवनरक्षक जाकीट दुसऱ्याला दिलं आणि जहाजासोबत राहिले. मुंबईत तेव्हा ब्लॅकआउट होता. बाबा सांगतात, खिडक्यांना काळे कागद लावलेल्या लोकलमधून वसईला येताना डब्यात कोणीतरी हळू आवाजात ही बातमी सांगितली आणि नायगावपर्यंत कोणी बोललं नाही.

चक्रतीर्थाजवळच्या टेकाडावर खुकरीचं स्मारक आहे. काचेच्या आवरणात जहाजाची प्रतिकृती, समोर उघडा समुद्र. बाबांनी नावांच्या फलकापुढे चपला काढल्या. सगळी नावं त्यांनी वाचली, १९४ नावं, मनातल्या मनात ओठ हलवत. आम्ही बाजूला थांबलो. वाऱ्याने माझी ओढणी फडफडत होती, ती मी मुठीत धरून ठेवली.

तिथून दुसरी खुकरी. याच नावाची नवी नौका माझगाव डॉकने बांधली, १९८९ मध्ये नौदलात दाखल झाली. ३२ वर्षांच्या सेवेनंतर डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या महिन्यात २६ जानेवारीला दीव प्रशासनाला देण्यात आली. तिच्या सांगाड्यावर बाबांनी काम केलं होतं. मी तीन वर्षांची होते, ते डबल शिफ्ट करून यायचे तेव्हा डोळे लाल असायचे आणि आई बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवायची, एवढंच मला आठवतं.

जहाजावर चढल्यावर बाबा तोफा, रडार, क्षेपणास्त्रं काहीच बघेनात. ते थेट एका बल्कहेडच्या, म्हणजे जहाजातल्या आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात गेले, वाकले, आणि दोन पत्रे जिथे जुळतात त्या रेघेवर अंगठा फिरवू लागले. राखाडी रंगाचे थरावर थर बसले होते, तरी खाली वेल्डिंगची खवल्याखवल्यांची रेघ हाताला लागत होती. "उभा वेल्ड आहे," ते म्हणाले. "खालून वर घ्यायचा. हात थरथरला की इथे गाठ येते." गाठ नव्हती. तुम्हीच केलाय का, असं नवऱ्याने विचारलं. "मी नाही तर आमच्या गँगमधला कोणी," बाबा म्हणाले, आणि सोबत्यांची नावं घेत पुढच्या जोडाकडे वळले. तिथला पहारेकरी आधी रस्सीच्या आत येऊ नका सांगायला आला होता. बाबांनी माझगाव डॉक म्हटल्यावर त्याने स्वतः खुर्ची आणून दिली. बाबा बसले नाहीत. दीड तास आम्ही त्या जहाजावर होतो.

दिवस चौथा, सोमवार

पहाटे बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा गाठलं. खारव्यांचं आणि कोळ्यांचं हे बंदर पर्यटकांच्या यादीत तळाला असतं, मी ते वर ठेवेन. शेकडो रंगीत होड्या एकमेकींना खेटून उभ्या, त्यांच्यावर झेंडे. काठावर लाकडी होड्या बांधण्याचं काम चालू, फळ्यांच्या फटींत कापूस ठासण्याचा ठक-ठक आवाज. आणि बांबूच्या वलांडींवर बोंबील! तोंडात तोंड अडकवून जोडीने टांगलेले, उन्हात चांदीसारखे. आमच्या वसईच्या पाचूबंदरचाच वास. एक खलाशी म्हणाला, आमच्या होड्या मासे शोधत तुमच्या बाजूला पार वसईपर्यंत येतात. बाबांनी दोन किलो सुके बोंबील घेतले. वसईच्या माणसाने बोंबील बाहेरून न्यावेत हे नवऱ्याला पटलं नाही, पण भाव खरंच चांगला होता.

परतताना नागोआ. घोड्याच्या नालासारखा वळलेला किनारा, शांत पाणी, होक्यांची रांग. आठवड्याचा पहिला दिवस असल्याने पाण्यातले खेळ वगळता निवांत. पोहायचं असेल तर मी खाडीपलीकडचा घोघला सुचवेन. तो लांब, स्वच्छ आहे आणि २०२० मध्ये ब्लू फ्लॅग मिळालेल्या भारतातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांत आहे.

*जाणाऱ्यांसाठी:* ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. जानेवारीत सकाळ-संध्याकाळ वारा गार असतो, पातळ स्वेटर ठेवा. वणाकबाराला सकाळी आठच्या आत पोचा. फोटो काढण्याआधी विचारा, माणसं आनंदाने हो म्हणतात. वेरावळची रेल्वे असेल तर सोमनाथाचं दर्शन त्याच वाटेवर होतं, आमचंही झालं. आणि सुके बोंबील तिहेरी पिशवीत बांधा. आम्ही दुहेरी बांधले होते, अख्ख्या डब्याला कळलं.

मंगळवारी संध्याकाळी मावशींकडे गेले. मेणबत्तीचा फोटो त्यांनी पाहिला, बरं म्हणाल्या. मग चर्चचा आतला फोटो आला. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "याला छप्पर आहे?"

"आहे."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, दोन बोटांनी ते कमानदार छत मोठं केलं, आणि खिडकीपाशी उजेडात घेऊन गेल्या.